खातं गोठवायचा अधिकार मशीनला द्यावा का?

काजूबोंड (धागा सुरू केला)
माझा मामेभाऊ गोव्यात मांद्र्याला दुचाक्या भाड्याने देतो. काळ्या पाटीच्या, रीतसर परवान्याच्या. गेल्या डिसेंबरात एका पर्यटकाने तीन दिवसांचे १२०० रुपये क्यूआर स्कॅन करून दिले. आठवड्याभराने भावाचं खातं बंद. त्या पर्यटकाच्या खात्यात आलेले पैसे म्हणे दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीचे होते. गोठवायचेच होते तर १२०० गोठवा! अख्खं खातं अडकलं, तेही ऐन सीझनला. २३ दिवस तो बँकेत खेटे घालत होता, आणि तिथे एकच उत्तर: 'वरून आलंय.'

आता हेच काम एआयकडे सोपवायचं चाललंय. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची प्रणाली बनवली आहे, ती चोरीचे पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती, म्हणजे म्यूल खाती, हुडकते. माझं म्हणणं एवढंच: मशीनने संशय घ्यावा, शिक्षा करू नये.

दिवचलचो_पाव
भाऊच्या बाबतीत वाईट झालं, पण तुझी गोष्ट तुझ्याच विरुद्ध जाते. ते खातं मशीनने गोठवलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आली, पैशाचा माग काढत कुणीतरी बँकेला कळवलं आणि बँकेने सरसकट कुलूप ठोकलं. सगळा माणसांचा कारभार. खात्यात वर्षानुवर्षं दुचाकीच्या भाड्याच्या बारीक रकमा येतात, हे चांगल्या प्रणालीला दिसलं असतं. म्यूल खात्यात पैसे येतात आणि काही मिनिटांत पाच ठिकाणी फुटतात. हा फरक ओळखायलाच तर मशीन लागतं.

सुशेगाद_नाही
+१. वेगाचा मुद्दा कुणी बोलत नाही. चोर रात्री अकराला पैसे फिरवतो. तेव्हा कुठला कारकून जागा असतो?

निवृत्त_मास्तर
कारकुनाला एवढं हिणवू नका. आमच्या फोंड्यात एक निवृत्त शिक्षिका मुदतठेव मोडायला आल्या. 'पुतणीच्या लग्नासाठी' म्हणाल्या. काउंटरवरच्या मुलीने पाहिलं की बाईंनी मोबाइल पदराआड धरलाय आणि कॉल चालूच आहे. तिने पाणी दिलं, आत नेऊन बसवलं आणि कागदावर लिहून विचारलं, 'कुणी धमकावतंय का?' बाई रडायलाच लागल्या. डिजिटल अरेस्ट! तीन दिवस खोट्या सीबीआय साहेबासमोर कॅमेरा लावून बसल्या होत्या. आता सांगा, पदराआडचा मोबाइल कुठल्या अल्गोरिदमला दिसला असता?

दिवचलचो_पाव
मास्तर, त्या मुलीला नमस्कार. पण बाईंनी घरबसल्या ॲपवरून ठेव मोडली असती तर? दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जोखीम निर्देशक आणला. त्यात संशयित मोबाइल नंबरांचे मध्यम, उच्च आणि अति उच्च असे गट पाडून बँकांना आणि यूपीआय ॲपना कळवतात. पैसे अशा नंबराला निघाले तर ॲप तिथेच अडवू शकतं.

काजूबोंड
अडवू दे की! अडवणं आणि गोठवणं यांत फरक आहे. माझा हिशेब बघा. समजा दिवसाला एक लाख व्यवहार झाले आणि त्यांत खरे चोरीचे १०. मशीन ९९ टक्के अचूक धरलं, तरी चोरांबरोबर हजारेक साधी माणसं जाळ्यात येणार. त्यांना तासभर थांबवून फोन केला, तर कुणी मरत नाही. २३ दिवस थांबवलं तर माझ्या भावासारखा हप्ता चुकतो. माणसाची चूक एका खात्यापुरती, मशीनची घाऊक. आणि दाद मागायला जायचं कुठे? सायबर पोलीस ठाणं रायबंदरला. तिथले लोक तरी परराज्यातल्या नोटिशीला काय करणार?

सुशेगाद_नाही
तासभराचा थांबा मलाही मान्य. पण दवाखान्यात पैसे भरताना तोच थांबा लागला की हेच लोक बँकेला शिव्या घालतील.

मांडवीकाठ
एक वेगळीच शंका. आमच्याकडे घरात कोंकणी, पेपर मराठी, बँकेचे मेसेज इंग्रजीत. आवाज ऐकून फसवणूक ओळखणारी मशीनं आमची खिचडी समजणार कशी?

दिवचलचो_पाव
ठग कुठे कोंकणी बोलतो? तो हिंदीतच दरडावतो. 😄 पण नक्कल केलेला आवाज आला तर मात्र पंचाईत. मुलाच्या आवाजात 'आई, अपघात झालाय' ऐकल्यावर कसली भाषा नि कसलं काय. तिथे मशीनविरुद्ध मशीनच लागेल, त्यावर मी ठाम आहे.

निवृत्त_मास्तर
आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवला आहे. नातवंडांसकट सगळ्यांना पाठ. पैशाचा फोन आला की आधी तो शब्द. खर्च शून्य.

काजूबोंड
मास्तर, हे आजच घरी सांगतो. भावाचं विचाराल, तर खातं सुटलं, पण क्यूआरची पाटी त्याने काढून खणात टाकली आहे. भाडं फक्त रोख. सुट्टे शेजारच्या गाड्यावरून आणतो.

सुशेगाद_नाही
रोख घेतो ते ठीक, पावती देतो ना?