लुईससाठी तीन दिवस राखावेत

आठ दिवसांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागासह स्काय आणि लुईस ही बेटे दोघांना निवांत पाहता येतील का, असे आपण विचारले आहे. आम्ही पती-पत्नी साताऱ्याहून जाऊन आलो. लुईससाठी किमान तीन दिवस राखावेत, असे मी आग्रहाने सांगेन. स्कायला १९९५ पासून पूल आहे; लुईसला मात्र मुख्य भूमीवरील उल्लापूल या बंदरातून अडीच-पावणेतीन तासांचा बोटीचा प्रवास असून, वारा वाढल्यास फेरी रद्दही होते. लुईसवरील कॅलनिश या ठिकाणच्या सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळांपाशी आम्ही संध्याकाळी पोचलो, तेव्हा तो मोकळा माळ आणि अंगाला झोंबणारा वारा अनुभवताना पत्नीला कासच्या पठाराची आठवण झाली आणि बराच वेळ आमचा पाय तिथून निघाला नाही. रविवारी लुईसवरील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून खाण्याचे सामान शनिवारीच घ्यावे.