एसईएल-फोरच्या पेपरवर सेमिनार आहे, एवढा मोठा पुरावा वर्गापुढे मांडायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमटेक करतोय, या सेमिस्टरला फॉर्मल मेथड्सचा (प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याच्या पद्धतींचा) सेमिनार घेतलाय. प्रत्येकाने एक रिसर्च पेपर मुळापासून वाचायचा, पाऊण तासात वर्गाला समजवायचा आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी एसईएल-फोर (seL4) मायक्रोकर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी छोट्या गाभ्याचा, २००९ चा पेपर निवडलाय, एसओएसपी या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या परिषदेतला. सी कोड साधारण ८,७०० ओळींचा आणि तो बरोबर आहे याचा इझाबेलमधला (पुरावे तपासणारं सॉफ्टवेअर) पुरावा जवळपास २ लाख ओळींचा. वाचून खरंच भारावून गेलो, म्हणूनच तो नीट पोचावा असं फार वाटतंय.

अडचण अशी की पुरावा पेपरात नाहीच, त्याची फक्त रचना आहे. आणि अर्ध्या वर्गाचा विषय मशीन लर्निंग, होअर लॉजिक (प्रोग्रॅमबद्दल पुरावे लिहायचे नियम) त्यांनी कधीतरी एका लेक्चरला बघितलेलं. लेमा (पुराव्यातली छोटी छोटी विधानं) दाखवत बसलो तर सगळं डोक्यावरून जाणार, नुसते आकडे सांगितले तर ती जाहिरात होणार.

म्हणून विचार केलाय की एकच गोष्ट धरायची, शेड्युलर (पुढे कुठला थ्रेड, म्हणजे कुठलं काम, चालवायचं ते ठरवणारा भाग), आणि ती पुराव्यातल्या तिन्ही थरांतून खाली आणायची. सगळ्यात वरच्या अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्पेकमध्ये (कर्नलने काय करायचं याचं गणिती वर्णन) एवढंच म्हटलंय की चालायला तयार असलेला कुठलाही थ्रेड निवडा, कुठला ते सांगितलेलंच नाही. मधल्या थरात, जो हॅस्केल भाषेतल्या प्रोटोटाइपमधून आलाय, प्रायॉरिटीप्रमाणे रांगा आणि राउंड रॉबिन (आळीपाळीने संधी) येतं. खाली सीमध्ये त्याच रांगा पॉइंटरने जोडलेल्या डबली लिंक्ड लिस्ट होतात. म्हणजे खालचा थर जे काही करेल त्याला वरच्या थराची परवानगी असलीच पाहिजे, रिफाइनमेंट ती हीच, आणि हे एकदा डोळ्यासमोर आलं की फॉरवर्ड सिम्युलेशनची (खालच्या प्रत्येक पावलाला वर जुळणारं पाऊल दाखवण्याची) चौकोनी आकृती एका स्लाईडमध्ये कळेल असं मला वाटतं. बरोबर आहे का हे? की शेड्युलर फारच सोपा आहे आणि त्यामुळे खरी मेहनत झाकली जाईल? कारण खरे कष्ट इन्व्हेरियंट (कर्नलमध्ये कायम खऱ्या राहायला हव्यात अशा अटी) सांभाळण्यात गेलेत, एक फीचर वाढवलं की भलत्याच ठिकाणचे पुरावे परत करावे लागतात, आणि ते शेड्युलरच्या उदाहरणात दिसतच नाही.

दुसरं म्हणजे गृहीतकं. कंपायलर, असेंब्ली कोड, हार्डवेअर हे सगळं बरोबर आहे असं धरलंय आणि लेखकांनी ते पेपरात स्वच्छ लिहिलंय. माझं मत की हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगावं, नाहीतर लोक "बगच नाहीत" एवढंच घेऊन घरी जातात. आमचे एक सीनियर म्हणतात शेवटी सांग, आधी सांगितलंस तर ऐकणाऱ्यांचा उत्साहच जाईल. मला ते पटत नाहीये पण त्यांनी असे बरेच सेमिनार दिलेत, त्यामुळे विचारतोय. कंपायलरवरचा भरवसा पुढे २०१३ मध्ये बायनरीपर्यंत (कंपायलरने बनवलेल्या मशीन कोडपर्यंत) पुरावा नेऊन काढून टाकला, ते याच पेपरच्या सेमिनारमध्ये आणावं का, की विषय भरकटेल?

आणि एक प्रश्न येणार म्हणजे येणारच, की स्पेकच चुकलं असेल तर काय? माझं उत्तर असं की म्हणूनच पुढे त्याच स्पेकवर इंटेग्रिटी (परवानगीशिवाय कोणी डेटा बदलू शकत नाही, २०११) आणि इन्फर्मेशन फ्लो (परवानगीशिवाय माहिती झिरपत नाही, २०१३) सिद्ध केलं, म्हणजे स्पेकमधून आपल्याला हवं ते निघतं का हे तपासलं. पण ते गुणधर्म तरी नीट लिहिलेत कशावरून, असं कोणी पुढे विचारलं तर माझ्याकडे "शेवटी माणसाने वाचून ठरवायचं" याच्यापलीकडे काही नाही. ज्यांनी व्हेरिफिकेशनमध्ये काम केलंय ते इथे काय सांगतात?

कोणी हा पेपर वर्गात मांडला असेल किंवा कोणाला मांडताना ऐकलं असेल तर कुठे वर्ग अडकला तेवढं तरी लिहा प्लीज. आणि इन्व्हेरियंटची मेहनत दाखवायला शेड्युलरपेक्षा बरं पण स्लाईडवर मावेल असं उदाहरण माहीत असेल तर नक्की सांगा, मला कॅपेबिलिटी (एखादी गोष्ट वापरायचा कर्नलने दिलेला परवाना) काढून घेण्याचं सुचतंय पण ते दहा मिनिटांत बसवता येईना.