एमडीच्या थिसिससाठी रँडमाइज्ड ट्रायल घ्यावी का?

प्रश्न (एमडी मेडिसिन, पहिले वर्ष, कोकण)
सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांमध्ये दोन उपचारपद्धतींची तुलना करणारी रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारा अभ्यास, थिसिससाठी घ्यावी, असे मला वाटते. गाइड सरांचा आग्रह मात्र निरीक्षणात्मक अभ्यासाचा, म्हणजे उपचार आपण न ठरवता फक्त नोंदी घेण्याचा, आहे. आमच्या आयसीयूत असे साधारण दीडशे रुग्ण वर्षाला दाखल होतात. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते का, हे पाहायचे आहे. तीन वर्षांत हे शक्य आहे का?

उत्तर (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)
सरांचे ऐकावे. आपण दिलेले आकडे ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून मांडले, तर प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतील, म्हणजे एकूण १,८००. वर्षाला दीडशेच्या हिशेबाने बारा वर्षे. आपल्या तीन वर्षांतून प्रोटोकॉल, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि परीक्षेपूर्वी सहा महिने थिसिस सादर करण्याची अट वजा केली, की रुग्ण घेण्यासाठी जेमतेम दीड वर्ष उरते. शिवाय जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सक्तीची रेसिडेन्सी आहेच. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय (ट्रायलची नोंद ठेवणारी भारतीय नोंदवही) केवळ आगाऊ नोंदणी स्वीकारते, त्यामुळे पहिला रुग्ण घेऊन झाल्यावर नोंदणीची आठवण आली तर उपयोग नाही.

उत्तर (ग्रामीण रुग्णालयातील फिजिशियन)
हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून 'ट्रायल म्हणजे हजारो रुग्ण' असा समज होऊ नये. महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर घेतलेली रँडमाइज्ड ट्रायल २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत रुग्ण अवघे ७० होते. एका गटाला नुसते प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) आणि दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत लक्षणे पूर्ण ओसरलेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ निघाले. फरक एवढा मोठा असला की थोडे रुग्ण पुरतात. अभ्यास ओपन-लेबल असल्याने कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, ही मर्यादा मात्र वाचताना लक्षात ठेवावी. मला त्यात सर्वाधिक भावते ती प्रश्नाची निवड: तो त्यांच्याच खाटांवरून उठलेला होता आणि त्याचे उत्तर काही तासांत मिळण्यासारखे होते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सेप्सिसचा विषय सोडतो. आमच्याकडे फुरसे चावलेले रुग्ण बरेच येतात. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी (नळीत रक्त ठेवून वीस मिनिटांनी ते गोठले का पाहणे) आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या प्रयोगशाळेतील मोजमापाच्या, तुलनेत कितपत विश्वासार्ह ठरते, हा प्रश्न चालेल का?

उत्तर (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)
अवश्य चालेल, येथे रँडमायझेशनचीही गरज नाही. दोन गोष्टी प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवाव्यात. नळी काचेचीच, स्वच्छ आणि कोरडी हवी, कारण प्लॅस्टिकच्या नळीत रक्त गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही आणि चाचणी फसते. साबणाचा अंशही निकाल बिघडवतो. दुसरे म्हणजे, वीस मिनिटांनी नळी तिरकी करून पाहणाऱ्याला त्या रुग्णाचा आयएनआर आधी कळता कामा नये. रात्रपाळीला नळी कोण पाहणार, हे सरांशी बोलून आताच ठरवा. बहुतेक थिसिसमधील नोंदी तिथेच गळतात.