परोपजीवी गांधीलमाश्या आशियात सगळीकडे सारख्याच आहेत का?

मोहोळकर शेतकरी : उसावर ट्रायकोकार्ड (परोपजीवी माश्या वाढत असलेली किडीची अंडी चिकटवलेले कार्ड) लावताना आलेली शंका विचारतो. किडीच्या अंड्यात किंवा अळीच्या अंगात स्वतःची अंडी घालणाऱ्या या माश्या आशियात सर्वत्र सारख्याच आढळतात का? उष्ण प्रदेशात किडी अधिक, म्हणून यांच्या जातीही अधिक, असे धरून चालावे काय?

कीटकनिरीक्षक, बार्शी : तसे सरसकट धरता येत नाही. इक्न्यूमोनिड या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या एकाच कुळातील सुमारे २५,००० जातींची जगभरात नोंद आहे आणि विषुववृत्ताकडे जाताना त्या वाढण्याऐवजी कमी होतात, असे विसाव्या शतकात मानले जाई. उष्ण प्रदेशातील पुष्कळ अळ्या विषारी वनस्पती खातात, त्यामुळे त्यांच्या अंगात वाढणे अवघड जाते, असे त्याचे एक कारण सांगत. पुढे पेरू आणि युगांडाच्या जंगलांत तंबूसारखे जाळीचे सापळे दीर्घकाळ लावल्यावर याच कुळातील जाती भरपूर मिळाल्या आणि तो समज डळमळला. (हा सापळा रेने मलेझ या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ब्रह्मदेशातील मोहिमेत वापरला होता.) नान्नजच्या माळावर वर्षभर असा सापळा लावला, तर आपली यादीही बरीच लांबेल, असे मला वाटते.

निवृत्त कृषी सहायक : यजमान कीड, म्हणजे माशी जिच्यावर वाढते ती कीड, कुठे आहे, हेही पाहावे लागते. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा त्याच्यावर जगणारी एन्कार्सिया फ्लेवोस्कुटेलम ही माशी ईशान्य भारतात होती. ती आसामातून दक्षिणेकडे आणावी लागली. कपाशीवरील पिठ्या ढेकणाची गोष्ट याउलट आहे. तो अमेरिका खंडातून आला आणि त्याच्यावरील माशी कोणी न सोडताच इथे आढळली. २००९ साली तिला नवी जात समजून एनेशियस बंबावालेई असे नाव दिले गेले. नंतर ती उत्तर अमेरिकेतील एनेशियस ॲरिझोनेन्सिसच असल्याचे दिसून आले. म्हणून प्रसाराचे नकाशे वाचताना नावे तपासून घ्यावीत.

मोहोळकर शेतकरी : मग आमच्या कार्डावरील माशी मूळची कुठली म्हणायची?

कीटकनिरीक्षक, बार्शी : ती बहुधा ट्रायकोग्रामा कायलोनिस असावी. तिचे वर्णन इशी या कीटकशास्त्रज्ञांनी १९४१ साली जपानमधील नमुन्यांवरून केले. पण ती भारतातही पूर्वीपासून होती आणि बराच काळ ट्रायकोग्रामा ऑस्ट्रेलिकम या चुकीच्या नावाने ओळखली जात होती. त्यामुळे जुन्या पुस्तकात ते नाव दिसले, तर ती वेगळी माशी समजू नये.