स्कीन्सला साय यंग, संघ पुन्हा तळाला: पायरेट्ससाठी अजून पैसे मोजायचे का?

अ‍ॅलेगेनीकर

पॉल स्कीन्सला अमेरिकन बेसबॉलच्या नॅशनल लीगचा २०२५ चा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार मिळाला, पहिल्या पसंतीची तीसच्या तीस मतं घेऊन. ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यात दोन धावाही लागल्या नाहीत. वय तेव्हा २३. आणि याच पिचरच्या नावावर २०२५ मध्ये जिंकलेले सामने १०, हरलेले १०.

आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचा २०२५ चा हिशेब: ७१ विजय, ९१ पराभव. डिव्हिजनमध्ये पाचवे, आणि डिव्हिजनमध्ये संघच पाच आहेत. होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) ११७, तीस संघांत सर्वांत कमी. वर्ल्ड सीरिज शेवटची जिंकली १९७९ मध्ये.

हरण्याबद्दल माझं भांडण नाही. १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन हा संघ जिंकण्यापेक्षा हरला जास्त. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही. त्या काळातही लोक येत होते. मग २०१३ उजाडलं. वाइल्ड कार्डच्या सामन्याला, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) दारातल्या एकाच लढतीला, काळे कपडे घालून आलेलं अख्खं स्टेडियम सिनसिनाटीच्या पिचर जॉनी क्वेटोचं नाव ओढून ओढून घेत होतं. त्याच्या हातातून चेंडू निसटला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन ठोकला. तीन वर्षांत ९४, ८८ आणि ९८ विजय! २०१४ ला बमगार्नर आणि २०१५ ला अ‍ॅरिएटा या समोरच्या पिचरांनी एकही धाव न देता आम्हाला एकेका सामन्यात घरी पाठवलं. वाईट वाटलं. राग आला नाही, कारण समोरचा त्या दिवशी चांगला होता.

राग त्यानंतरचा आहे. ९८ सामने जिंकलेला संघ हातात असताना मालकाने आणखी दोन पैसे सोडायचे की हात आखडायचा? बॉब नटिंग २००७ पासून प्रमुख मालक आहेत, त्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. जानेवारी २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. त्याच जुलैत क्रिस आर्चर या एका पिचरसाठी ग्लासनाऊ, मेडोज आणि वर शेन बाझ असे तीन तरुण खेळाडू टॅम्पाला देऊन टाकले. हा सौदा इथे कुणापुढे काढू नये, जेवण जात नाही. पुढे २०२१ ला १०१ पराभव, २०२२ ला १००. ‘थांबा, नवी बांधणी चालू आहे’ हे ऐकत आलो, आणि बांधणी कधी संपणार हे विचारलं की आपणच उतावळे ठरतो.

२०२५ पर्यंत संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे १०.६७५ कोटी डॉलर. ओटानीला डॉजर्सनी ७० कोटींचा करार दिला, सोटोला मेट्सनी ७६.५ कोटींचा. आमच्याकडे तेवढं नाही, मान्य. पण साय यंगवाला पिचर असताना एक धड होमरन मारणारा माणूस आणता येत नाही?

आणि वागणूक. एप्रिल २०२५ मध्ये उजव्या कुंपणावरचा, आमच्या संघाचे दिवंगत महान खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटेंचा २१ आकडा झाकून तिथे मद्याची जाहिरात लावली. ज्या माणसाच्या २१ नंबरसाठी ते कुंपण २१ फूट उंच बांधलंय, त्याचाच! ओरड झाली तेव्हा तो परत आला. त्याच महिन्यात, चाहत्यांनी पैसे भरून नावं कोरून घेतलेल्या विटा भंगाराच्या आवारात सापडल्या. घरच्या पहिल्या सामन्याला ‘संघ विका’ असा फलक ओढत विमान फिरलं ते उगाच नव्हे.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. सीझन तिकिटं पुढच्या वर्षी घेणार नाही. रेडिओवर ऐकेन, स्कीन्स पिच करतो त्या दिवशी टीव्ही लावेन, पण या मालकाला माझ्या खिशातून पैसा नाही. मतं सांगा, विरोधातली आधी.

---

डॉलर_हिशेबी

विरोधातलं आधी हवंय ना, घ्या.

मालकाला शिव्या देणं सोपं आहे, पण मेजर लीग बेसबॉलमध्ये पगारावर वरची मर्यादा नाही. याच शहरातले स्टीलर्स आणि पेंग्विन्स बघा. फुटबॉल आणि हॉकीत सॅलरी कॅप आहे, म्हणून तेवढ्याच लोकवस्तीच्या गावात तिथे करंडक येतात. डॉजर्सचा २५ वर्षांचा स्थानिक टीव्ही करार आठ अब्ज डॉलरच्या वरचा. २०२४ साठी त्यांनी नुसता लक्झरी टॅक्स (पगार ठरलेल्या आकड्यावर गेला की भरायचा दंड) १० कोटी डॉलरपेक्षा जास्त भरला. आपल्या अख्ख्या संघाचा पगार त्यापेक्षा कमी होता. म्हणजे त्यांचा दंड आपल्या खर्चाहून मोठा. या खेळात नटिंगच्या जागी तुम्हाला बसवलं तरी चौथा नंबर येईल, फार तर तिसरा.

दुसरं म्हणजे तुमचा बहिष्कार त्यांना जाणवणारच नाही. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा तीस संघांत सारखा वाटला जातो. शिवाय प्रत्येक संघ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के वाटा एका सामायिक कोषात टाकतो आणि तो कोषही सगळ्यांत समान वाटतात. आपण त्यात टाकतो कमी, घेतो जास्त. तुमची दोन तिकिटं म्हणजे समुद्रातला थेंब.

---

मिलवॉकीवासी

हिशेबीसाहेब, बाजार लहान म्हणून रडायचं असेल तर आमच्या गावाला या. मिलवॉकी पिट्सबर्गपेक्षा लहान टीव्ही बाजार आहे. २०२५ ला आमच्या ब्रूअर्सनी ९७ सामने जिंकले, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक, आणि तेही तुमच्याच डिव्हिजनमध्ये. टॅम्पा दोनदा वर्ल्ड सीरिजला गेला. कॅन्सस सिटीने २०१५ ला जिंकली. मर्यादा नसण्याचे नियम त्यांनाही तेच.

आम्ही महाग खेळाडू घेत नाही. दुसऱ्याने टाकलेला पिचर घेऊन त्याचा एक चेंडू दुरुस्त करतो, आणि खेळाडू महाग व्हायच्या आत त्याला विकून दोन तरुण आणतो. पायरेट्सही विकतात. फरक एवढाच की आम्हाला बदल्यात काहीतरी मिळतं.

---

डॉलर_हिशेबी

@मिलवॉकीवासी, आणि त्या ९७ विजयांचं पुढे काय झालं? प्लेऑफमध्ये डॉजर्सनी चार शून्यने उडवलं. तुमच्या चारही सामन्यांत मिळून किती धावा झाल्या ते मी इथे लिहीत नाही, संध्याकाळ खराब करायची नाही.

---

मिलवॉकीवासी

ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, हरायला आधी ऑक्टोबरमध्ये पोचावं लागतं.

---

खडकवासला_फास्ट

पुण्यातून वाचतोय, बेसबॉल थोडाफारच कळतो. एक शंका: इतका भारी पिचर आणि तरी १०-१० कसं? शिवाय आयपीएलमध्ये सगळ्यांना सारखीच पर्स, २०२५ च्या मोसमाच्या लिलावाला १२० कोटी. तरी आरसीबीला पहिला करंडक यायला २०२५ उजाडलं. मग पैशाची मर्यादा हा उपाय कसा?

---

अ‍ॅलेगेनीकर

@खडकवासला_फास्ट, सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो आणि आता तो शेवटपर्यंत टिकत नाही, सहा-सात इनिंग. अमेरिकन पद्धतीत विजय-पराभव त्याच्या नावावर लागतात, पण धावा करायचं काम बाकीच्यांचं. एखाद्या बोलरने २० धावांत ४ घ्याव्यात आणि आपण साठीत सर्वबाद व्हावं, तसं त्याचं वर्षभर चाललंय. स्कीन्सने दोन धावा दिल्या की आमचे लोक एक करतात. तो एक देतो, हे शून्य.

तुमचा आरसीबीचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि माझ्याच बाजूचा आहे. बंगळूरु करंडकाशिवाय राहिलं, पण त्यांनी कोहलीला ठेवलं, डिव्हिलियर्स आणला, गेल आणला. लोकांना दिसत होतं की जिंकायचा प्रयत्न चाललाय.

@डॉलर_हिशेबी, तुम्ही म्हणता पैसा सामायिक कोषातून येतो, माझं तिकीट क्षुल्लक. मग तोच तर आजार! हरलं तरी पैसा येतो, म्हणून हरणं परवडतं. त्या कोषातला पैसा संघावर खर्च होत नाही अशी तक्रार २०१८ ला खेळाडूंच्या युनियनने चार संघांविरुद्ध केली होती. त्या चारांत आपलं नाव होतं. मालकाला माझा राग कळणार नाही, ठीक. मला माझा खिसा कळतो.

---

पेन_हिल्सच्या_काकू

मी कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवेना.

मी काही नटिंगसाहेबांना बघायला जात नाही. नातवाला घेऊन जाते. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पुलावर गाड्या बंद असतात, सगळे चालत नदी ओलांडतात, पोरं पिवळे शर्ट घालून पळत सुटतात. आत गेलं की समोर नदी, पलीकडे डाउनटाउन. देशातलं सर्वांत देखणं स्टेडियम आहे असं परके लोक म्हणतात. पाचव्या इनिंगनंतर पिएरोगींच्या (पोलिश करंजीसारखा पदार्थ) वेशातल्या माणसांची शर्यत लागते, त्यात आमचा पठ्ठ्या कोण जिंकणार यावर आईस्क्रीमची पैज लावतो. निकाल काय लागला हे त्याला घरी येईपर्यंत आठवतही नाही.

आता मालकाला धडा शिकवायचा म्हणून या पोराला घरी बसवू? तो मोठा होईपर्यंत मालक बदलला तर बदलला, नाहीतर नाही. त्याची आठ-नऊ वर्षांची उन्हाळ्याची संध्याकाळ परत येणार आहे का? आणि तिथे हॉटडॉग विकणारी, जागा दाखवणारी माणसं आपल्याच गल्लीतली असतात. गर्दी घटली की आधी त्यांचे तास कापले जातात.

रागावण्यापुरते तरुण आहात, रागवा. पण न येणाऱ्याला जास्त स्वाभिमान असतो असं वाटून घेऊ नका.

---

फोर्ब्स_फील्डचा_म्हातारा

काकूंशी असहमत, आणि धागाकर्त्यांशीही.

मी इथे शिकायला आलो तेव्हा क्लेमेंटे खेळत होते. १ सप्टेंबर १९७१ ला याच संघाने मैदानावर नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू उतरवले, मेजर लीगमध्ये पहिल्यांदा. त्या ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिज जिंकली. पुढच्या वर्षअखेरीस निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान समुद्रात कोसळलं आणि क्लेमेंटे गेले. हिट्स बरोब्बर ३०००. त्या काळी फ्री एजन्सी नव्हती हे खरं, खेळाडू बांधलेले असत, त्यामुळे जुन्या मालकांना फुकट संत करायला नको. १९९२ मध्येही नवव्या इनिंगला २-० पुढे असताना अटलांटाकडून हरलो, शेवटची धाव आपलाच माजी सिड ब्रीम घसरत घेऊन गेला, आणि दोन महिन्यांतच आपला स्टार बॅरी बॉन्ड्स पैशांसाठी दुसरीकडे. तेव्हा नटिंग मालक नव्हते, तेव्हा आणखी कुणीतरी कारण होतं.

काकू, तुमच्या नातवाला फटाके आणि पिएरोगी दाखवून त्याला बेसबॉल दाखवला असं समजू नका. मालकाला नेमका हाच गिऱ्हाईक हवा असतो, ज्याला निकाल आठवत नाही.

आणि अ‍ॅलेगेनीकर, तिकीट नाही पण टीव्ही लावणार, हे अर्धवट झालं. टीव्हीचे पैसे कुणाला जातात? सोडायचं तर रेडिओसकट सोडा, नाहीतर मुकाट्याने जागेवर येऊन बसा आणि तिथून ओरडा. घरच्या पहिल्या सामन्यात लोकांनी तेच केलं. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात दिसतात, पण त्या बोलत नाहीत.

---

डॉलर_हिशेबी

@फोर्ब्स_फील्डचा_म्हातारा, ओरडून काय होणार? मे २०२५ मध्ये मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं, तेव्हा १२ विजय आणि २६ पराभव होते. त्यांच्या जागी इथलाच डॉन केली आला. मॅनेजर बदलला, बॅट त्याच राहिल्या. खरी लढाई २०२६ ची आहे. खेळाडूंशी असलेला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. लहान शहरांचे मालक सॅलरी कॅप मागतील, युनियन विरोध करेल. तिथे कॅप आली तर पिट्सबर्गला संधी.

---

अ‍ॅलेगेनीकर

कॅप आली तर खालची मर्यादाही यायला हवी, नाहीतर आपले मालक तळाला आणखी खोल खणतील. इतकी वर्षं कॅप नाही हे कारण पुरलं, कॅप आल्यावर नवीन शोधतील.

आणि घाई यासाठी की स्कीन्स २०२९ च्या सीझननंतर फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळा आहे. त्याच्याआधीच त्याला कुणाला तरी विकतील ही भीती सगळ्या शहराला आहे. त्याने प्लेऑफमध्ये एक चेंडूही टाकायच्या आत तो गेला, तर ‘कॅप नव्हती’ हे मी ऐकून घेणार नाही.

आजोबा, टीव्हीचं तुमचं बरोबर लागलं. पण स्कीन्स बंद करायची ताकद माझ्यात नाही, ते सोडा.

---

मिलवॉकीवासी

विकणार असाल तर आम्हाला सांगा. दोन तरुण पिचर आणि चीज देऊ.

---

पेन_हिल्सच्या_काकू

म्हातारबुवांना: नातू आता स्कोअरकार्ड भरायला शिकतोय, स्ट्राइकआऊटसाठी के लिहितो. स्कीन्सच्या दिवशी पानभर के होतात, तेव्हा त्याला बेसबॉल दिसतो की नाही हे तुम्ही ठरवू नका.

अ‍ॅलेगेनीकर, तुमच्या जागा पहिल्या बेसच्या बाजूला, सावलीत आहेत ना? खरंच सोडताय तर सेक्शन आणि रांग कळवा. मी घेते.