पाच नोव्हेंबरची होळी राहावी, पण घरचे फटाके राहावेत का?

लीड्सवासी

आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यापासून एक अर्ज फिरतो आहे. दुकानातून कोणालाही फटाके विकणे बंद करावे आणि आतषबाजी फक्त परवानाधारक मंडळींनी सार्वजनिक मैदानांवर करावी, अशी मागणी घेऊन तो आमच्या खासदारांकडे जाणार आहे. तीन दिवस तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून आहे आणि माझी सही अजून झालेली नाही.

ब्रिटनमध्ये नुकतेच आलेल्यांसाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. 5 नोव्हेंबर 1605 रोजी पहिल्या जेम्स राजासह सगळी संसद उडवून देण्याचा काही कॅथलिकांचा कट होता आणि तळघरात बंदुकीच्या दारूची 36 पिंपे रचून ठेवली होती. कटाचा सूत्रधार रॉबर्ट केट्सबी. पण पिंपांजवळ पहाऱ्याला असलेला गाय फॉक्स पकडला गेला, आणि म्हणून चारशे वर्षे होळीवर पुतळा चढतो तो त्याचा. हा दिवस पाळण्याचा कायदाच संसदेने केला होता. तो 1859 मध्ये रद्द झाला, तरी होळ्या पेटतच राहिल्या, त्याअर्थी लोकांना त्या कायद्यावाचूनही हव्या होत्या.

माझे मत असे की होळी राहावी, मैदानावरची आतषबाजी राहावी, पण घरच्या फटाक्यांची विक्री थांबावी. आम्ही इथे आलो तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणाच्या खांबाला खिळा ठोकून त्यावर भुईचक्र फिरवायचे, दोन-चार भुईनळे लावायचे, मुलांच्या हातात फुलबाज्या द्यायचे आणि अर्ध्या तासात सगळे घरात. आता चपलांच्या खोक्याएवढा एक डबा गवतावर ठेवतात, एकच वात पेटवतात आणि त्यातून शंभर बार सुटतात. कायद्याने आवाजाची मर्यादा 120 डेसिबल आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कोणत्या रात्री काय फुटेल याचा भरवसा नसतो. रात्री अकरानंतर फटाके वाजवण्यास बंदी आहे, पाच तारखेला ती बारापासून लागू होते; पण मध्यरात्री पोलिसांना फोन करून कोणाचे नाव सांगायचे? सेन्सबरीज या सुपरमार्केट साखळीने तर 2019 मध्ये आपल्या दुकानांतून फटाके विकणे बंदच केले. दुकानदाराला जे उमगले ते कायद्याला का उमगू नये?

जुना मँचेस्टरकर

ताई, मी 1974 साली या देशात आलो आणि आपल्या अर्जावर सही करणार नाही.

त्या काळी ऑक्टोबर संपत आला की गल्लीतली पोरे जुन्या विजारीत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ‘गाय’, म्हणजे गाय फॉक्सचा पुतळा, करायची, त्याला बाबागाडीत बसवून कोपऱ्यावर उभी राहायची आणि ‘गायसाठी एक पेनी’ म्हणून हात पुढे करायची. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत कोणी मोडकी दारे आणून टाकी, कोणी सोफ्याचा सांगाडा. पाच तारखेला शेजारीण पार्किन, म्हणजे ओट्सच्या पिठाचा आल्याचा केक, आणि दाताला चिकटणारी काळी टॉफी घेऊन यायची. पहिल्या वर्षी मी तिला शंकरपाळे दिले, तेव्हा ‘तुमचे पार्किन का?’ असे तिने विचारले होते. आमच्या दिवाळीच्या फटाक्यांबद्दल कधी कोणी नाक मुरडले नाही, कारण त्या पंधरवड्यात सगळ्यांचेच फटाके वाजत. 2021 मध्ये लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला आणि पाडवा 5 ला आला. त्या संध्याकाळी कोणता बाण कोणाच्या सणाचा हे सांगता येत नव्हते.

आता आपल्या ‘मैदानावरच्या’ आतषबाजीबद्दल. ज्या लीड्समध्ये आपण राहता त्या शहराच्या कौन्सिलने राउंडहे पार्कची विनामूल्य होळी खर्चाच्या कारणाने 2023 पासून बंद केली. जे मोठे सोहळे टिकले आहेत त्यांपैकी बहुतेकांना तिकीट आहे. म्हणजे फुकटची होळी कौन्सिलने बंद केली, घरची होळी आपण बंद करणार, आणि चार माणसांची तिकिटे ज्याला परवडतील त्यानेच यापुढे आकाशाकडे पाहायचे. हा प्रश्न डेसिबलचा नसून ऐपतीचा आहे. आणि बंदी आली की ती आपल्या दिवाळीला वगळून येणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

एडिनबरावाली

काका, आपल्या आठवणी गोड आहेत, पण त्यांत कुत्रे-मांजर कोठे दिसत नाही.

मी प्राण्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे निम्मे फोन गुंगीच्या गोळ्यांसाठी येतात. गेल्या वर्षी सहा तारखेला सकाळी एक कॉली कुत्री आली. रात्रभर तिने दाराची चौकट कुरतडली होती. हिरड्यांतून लाकडाच्या सात कुसळ्या मी चिमट्याने काढल्या, आणि तेवढा वेळ ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकून थरथरत होती. मालकीण सांगत होती की तिने पडदे ओढले होते, रेडिओ मोठ्याने लावला होता, जे जे आम्ही सांगतो ते सगळे केले होते.

2024 च्या पाच नोव्हेंबरला आमच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात रॉक्सी नावाचे तीन महिन्यांचे लाल पांड्याचे पिल्लू उलटी घशात अडकून मेले. फटाक्यांच्या धसक्याने हे झाले असावे, असे संग्रहालयाने सांगितले. तिची आई पाचच दिवस आधी गेली होती.

स्कॉटलंडने 2022 मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. त्यानुसार कौन्सिलला एखादा भाग फटाके-नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तेथे स्वतःच्या परसातही फटाका लावता येत नाही. एडिनबरात 2024 पासून अशी क्षेत्रे झाली. लीड्सवासी यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एका बाबतीत त्यांनाही टोकते: मैदानावरचा बार कुत्र्याच्या कानाला सौम्य लागत नाही. त्याचा फायदा एवढाच की तो कधी होणार हे आधी कळते, आणि गोळी वेळेवर देता येते.

जुना मँचेस्टरकर

कॉलीबद्दल वाईट वाटले, खरेच. पण एडिनबराच्या काही वस्त्यांत पोलिसांवर बाण सोडले गेले म्हणून ती क्षेत्रे आली, हेही सांगा. ते गुन्हे होते आणि त्यांना कायदा पूर्वीही होता. पोलिसावर बाण सोडणारा पोरगा क्षेत्राची पाटी वाचून थांबत नाही; थांबतो तो नातवाला फुलबाजी देणारा माझ्यासारखा माणूस.

वसईचा, सध्या ससेक्समध्ये

आवाज आणि प्राणी यांवरच चर्चा चालली आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. मी वसईचा कॅथलिक आहे आणि लुईस या गावापासून वीस मिनिटांवर राहतो. पाच नोव्हेंबरची सर्वांत मोठी मिरवणूक तिथे निघते. पहिल्या वर्षी मुलीला खांद्यावर घेऊन हौसेने गेलो. डोक्यावर एक कापडी फलक होता, त्यावर ‘नो पोपरी’, म्हणजे ‘पोपशाही नको’, असे लिहिलेले. पुढे पेटत्या मशालींच्या रांगा, डांबराची जळती पिंपे, आणि मग चक्क पोपचा पुतळा. ‘पप्पा, हे आपले पोप का?’ असे मुलीने विचारले, आणि मला पटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर नंतर मिळाले, तेही अर्धेच. तो पुतळा आजच्या पोपचा नाही. कटाच्या वर्षी गादीवर आलेल्या पाचव्या पॉलचा तो असतो. मिरवणुकीत 17 पेटते क्रूस नेतात, कारण कॅथलिक मेरी राणीच्या काळात, 1555 ते 1557 या वर्षांत, त्याच गावात 17 प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले होते. म्हणजे आमच्या लोकांनी त्यांचे जाळले, मग त्यांनी आमचे कागदाचे जाळले. हिशेबात कोण पुढे आहे हे सांगायला नको. तरी फलक वाचताना पोटात कालवते, ते कालवतेच. यॉर्कच्या ज्या शाळेत फॉक्स शिकला त्या सेंट पीटर्समध्ये होळी पेटते, पण आपल्या माजी विद्यार्थ्याला ते जाळत नाहीत. मला ही रीत आवडली.

मात्र हे कायद्याने बदलावे असे मला वाटत नाही. लुईसची एक मंडळी वर्षानुवर्षे तोंडाला काळे फासून झुलू योद्ध्यांच्या वेषात चालत असे. 2017 मध्ये त्यांनी बोलावलेल्या खऱ्या झुलू नर्तकांच्या पथकाने त्याला हरकत घेतली, आणि मंडळींनी काळा रंग सोडला. बोलावलेला पाहुणा तोंडावर बोलला म्हणून ते घडले. हेच कौन्सिलने नोटीस पाठवून सांगितले असते, तर पुढच्या वर्षी दुप्पट लोक काळे फासून आले असते. लुईसकरांचा स्वभाव एव्हाना मला थोडाफार कळला आहे.

लीड्सवासी

आपले म्हणणे मनाला भिडले, परंतु लुईसमध्ये मंडळी आहेत, त्यांचे पदाधिकारी आहेत, वर्षभर शिवणकाम आणि वर्गणी चालते; हरकत कोणाकडे घ्यायची हे पाहुण्याला ठाऊक होते. आमच्या कोपऱ्यावरचा डबा कोण पेटवते हे मला आठ वर्षांत कळलेले नाही. परंपरेला धनी असतो तेव्हा तिच्याशी बोलता येते, पण दुकानातून उचललेल्या डब्याशी कोण बोलणार?

काकांचा ऐपतीचा मुद्दा मात्र मला नाकारता येत नाही. राउंडहेला आम्हीही दरवर्षी जायचो.

वेलिंग्टनहून

दक्षिण गोलार्धातून, न्यूझीलंडमधून, एक अनुभव. इथे पाच नोव्हेंबरला वसंत ऋतू असतो आणि अंधार उशिरा पडतो, त्यामुळे मुले पेंगून जातात तेव्हा कोठे आतषबाजी सुरू होते. आमच्या शहराने 2018 पासून आपली आतषबाजी हिवाळ्यातल्या मातारिकी या माओरी नववर्षाच्या वेळी नेली. पहिल्याच वर्षी बंदरात एक देवमासा आला आणि त्याच्यासाठी कार्यक्रम पुढे ढकलला गेला. सगळे शहर फटाके विसरून देवमासा पाहायला किनाऱ्यावर लोटले होते. घरचे फटाके मात्र बंद नाहीत. ते 2 ते 5 नोव्हेंबर असे चारच दिवस विकत मिळतात. विक्री चार दिवसांची असली तरी साठवलेले फटाके पुढेही फुटत राहतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

एडिनबरावाली

साठवण थांबवता येत नसेल तर फटाकाच हळू आवाजाचा करावा. 2024 मध्ये खासदार सारा ओवेन यांनी मांडलेल्या विधेयकात घरच्या फटाक्यांची मर्यादा 120 वरून 90 डेसिबलवर आणण्याची सूचना होती. तीस आकड्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, पण ध्वनीच्या तीव्रतेत तो हजारपट आहे. काकांच्या नातवाची फुलबाजी त्यात सहज बसते.

जुना मँचेस्टरकर

हे मला मान्य होण्यासारखे आहे. मला रंग हवे आहेत. सुतळी बॉम्बची हौस मी सोलापुरात फेडून आलो आहे. इथे तर नुसत्या धमाक्याचे बँगर 1997 मध्येच बंद झाले आणि तेव्हा मीच ‘आता सण उरला नाही’ म्हणून दुकानात हुज्जत घातली होती, हेही कबूल करतो.

आणि एक गोष्ट, जी खरे तर माझ्याच विरुद्ध जाते. 2004 च्या फटाक्यांच्या नियमांत दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत सवलत आहे, याचा आपण सगळे अभिमानाने उल्लेख करतो. पण रात्रीची बंदी सकाळी सातपर्यंत असते. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान करून पहाटे पहिला फटाका लावायचा, ही आपल्या घरची रीत त्या सवलतीत मुळी बसतच नाही. आमच्या घरी ती त्याही आधी, 1976 मध्येच सुटली. पलीकडे रात्रपाळी करून आलेला एक आयरिश बसचालक राहायचा. त्या वर्षी पहाटे तो बनियनवर दारात आला, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. त्यानंतर पहाटे आम्ही फक्त पणत्या लावल्या.

वसईचा, सध्या ससेक्समध्ये

काका, तुमचा बसचालक आणि माझे झुलू नर्तक एकाच पक्षाचे दिसतात.

लीड्सवासी

आज दुपारी अर्ज घेऊन शेजारणीकडे गेले. विक्रीबंदीचे वाक्य खोडून त्याजागी 90 डेसिबलची मर्यादा आणि ठरावीक दिवसांची विक्री घालावी, आणि कौन्सिलने विनामूल्य होळी पुन्हा सुरू करावी अशी एक ओळ जोडावी, असे सुचवले. डेसिबलला ती लगेच तयार झाली. विक्रीबंदी सोडायला अजून तयार नाही, कारण तिचा घोडा गेल्या वर्षी फटाक्यांनी बिथरून तारेत पाय अडकल्याने लंगडा झाला. उद्या पुन्हा बसणार आहोत. दिवसांच्या यादीत दिवाळी कशी लिहायची हे तिने मला विचारले, कारण तिच्या समजुतीप्रमाणे तो एक दिवस आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मोजायला लागले तेव्हा तिने पेन खाली ठेवले. काका, कोणते दोन दिवस मागावेत?

जुना मँचेस्टरकर

लक्ष्मीपूजन आणि पाडवा. पहाट मागू नका.