मदत हवी आहे: विहिरींच्या इंटरॅक्टिव्ह नकाशावर पुढचं संशोधन कुठून सुरू करावं?

नमस्कार मंडळी,

आमचा छोटा गट पुरंदर तालुक्यातल्या काही गावांबरोबर भूजलावर काम करतो. विहिरींच्या पाणीपातळीचा एक इंटरॅक्टिव्ह नकाशा आम्ही केला आहे. मोबाइलवर उघडतो, महिना सरकवला की रंग बदलतात, विहिरीवर बोट ठेवलं की मागच्या नोंदी दिसतात. गावच्या पाणी समितीने पाण्याचा ताळेबंद मांडताना, म्हणजे रब्बीत कुठलं पीक किती घ्यायचं हे ठरवताना, तो हाताशी घ्यावा हा हेतू. आता या नकाशावर दोन वर्षं संशोधन करायला थोडा निधी मिळतो आहे. त्यात दोन, फार तर तीन प्रश्न धसास लागतील. यादी मात्र लांबलचक आहे आणि गटात एकमत होत नाही.

माझं मत आधी सांगते. नकाशात मोजलेलं किती आणि अंदाजाने भरलेलं किती, हे वाचणाऱ्याला कसं दाखवायचं, हा पहिला प्रश्न असावा.

कारण आपला खडक. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात (मऊ, सच्छिद्र खडकात) आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत, आणि एका शेतातला थर दोन बांध ओलांडले की तसाच असेल याची खात्री नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्यात गावकऱ्यांनी मोजलेल्या विहिरींची भर आम्ही घातली. तरी मधली सगळी जागा गणिताने भरलेली आहे. जवळच्या विहिरीला वजन जास्त, लांबच्या विहिरीला कमी. पडद्यावर त्याचा सलग, गुळगुळीत निळा पट्टा होतो आणि मोजलेल्या-न मोजलेल्याचा रंग एकच.

मार्चमधल्या बैठकीत समितीतल्या एका मावशींनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि आपलं शिवार शोधलं. म्हणाल्या, "आमची विहीर निळ्यात दिसतीय. मग तळाला फुफाटा का?" त्यांची विहीर आम्ही मोजत नव्हतो. ओढ्यापलीकडची मोजत होतो आणि तिला पाणी होतं. त्या आणखी मोठं करत गेल्या तसा तोच निळा रंग पडदाभर पसरला. छापील नकाशा भिंग लावून पाहिला तरी त्यात नवं काही उमटत नाही, हे प्रत्येकाला कळतं. मोबाइलवर मात्र झूम केलं की जास्त बारकावा मिळतो अशी सवय लागलेली असते, आणि आमच्या नकाशात बारकावा तेवढाच राहतो. हा दोष इंटरॅक्टिव्ह नकाशाचाच आहे, म्हणून त्यावर काम व्हायला हवं असं मी कळकळीने म्हणते आहे.

सहकाऱ्यांचे मुद्देही वजनदार आहेत. एकाला देवनागरी नावं आधी हवीत. पडद्यावर नकाशा काढणाऱ्या मॅपलिब्रे या सॉफ्टवेअरच्या आम्ही वापरतो त्या आवृत्तीत अक्षरं सुटी सुटी मांडली जातात, त्यामुळे 'शिवरी'तली पहिली वेलांटी 'श'च्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. स्वतःच्या गावाचं नाव असं दिसल्यावर नकाशावर कोण विश्वास ठेवेल? दुसरीचं म्हणणं, महिना सरकवण्याची पट्टी कामाची आहे का तेच तपासू. पुढचा महिना येतो तेव्हा मागचा नजरेआड गेलेला असतो. त्याऐवजी चार महिन्यांचे चार छोटे नकाशे शेजारी शेजारी ठेवले तर? कुणाच्या बोअरला पाणी आहे हे सगळ्यांना दिसावं का, हाही प्रश्न आहेच. त्रिमित देखाव्याची मागणीही आहे, पण ती मला शेवटी ठेवावीशी वाटते.

वाचन थोडं केलं आहे. आंतरराष्ट्रीय कार्टोग्राफिक (नकाशाशास्त्र) संघटनेच्या आयोगातर्फे ॲलन मॅकएक्रेन आणि मेन्नो-यान क्राक यांनी २००१ मध्ये संशोधनाची दिशा मांडली: चित्रण कसं करावं, गणनपद्धतींशी सांधा कसा जुळवावा, इंटरफेस कसा असावा, आणि माणसाला त्यातून कळतं काय. २०१७ मध्ये अशी आणखी एक फेरी झाली. रॉबर्ट रॉथ आणि सहकाऱ्यांनी तेव्हा इंटरॅक्टिव्ह नकाशांचा अभ्यास वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन कसा करावा, यावर लिहिलं. या मांडणीने माझी नजर साफ झाली, पण ती अख्ख्या विद्याशाखेसाठी आहे. एका तालुक्यातल्या चार-पाच जणांनी पहिला प्रश्न कसा निवडावा, हे त्यातून निघत नाही.

तर, प्राधान्य ठरवण्याची एखादी पद्धत कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? त्यात गावकऱ्यांना नावापुरतं न ठेवता कसं घ्यावं? आणि अंदाजाचा भाग दाखवण्याच्या कुठल्या रीती साध्या मोबाइलवर, उन्हात, चालतात?

– ओलावा

अक्षांश: ओलावाताई, देवनागरीचा मुद्दा यादीतून काढा. महत्त्वाचा आहे म्हणूनच काढा, कारण ते दुरुस्तीचं काम आहे, संशोधनाचं नाही. गावांची नावं सर्व्हरवर आधीच चित्र करून त्याचा थर वर ठेवा, किंवा ब्राउझरच्या नेहमीच्या मजकुरात लिहा. ब्राउझर वेलांटी बरोबर लावतो. तुमच्या नकाशात गावं थोडी आहेत, निभेल. झूमलाही आजच मर्यादा घाला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझा पाठिंबा, पण सावध राहा. अमेरिकेत चक्रीवादळाच्या वाटेचा शंकू दाखवतात. वादळाचा मध्य त्या शंकूत राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश असते. लोक मात्र शंकू रुंदावला म्हणजे वादळ मोठं झालं असं वाचतात आणि शंकूबाहेरचे निर्धास्त होतात. चित्र काढणाऱ्याला अर्थ उघड वाटतो, वाचणाऱ्याला भलताच कळतो. मॅकएक्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा खुणांची चाचणी घेतली, तेव्हा धूसर कडा लोकांना सहज उमगल्या. रंगाची तीव्रता कमी करणं, जे वर्षानुवर्षं सुचवलं जात होतं, ते मागे पडलं. उन्हात फिका रंग तर दिसणारच नाही.

निशिगंध: मी आरोग्य क्षेत्रातली. तुमच्यासारख्या पेचासाठी ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्सची पद्धत आहे. रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर यांच्याकडून प्रश्न गोळा करतात. ज्यांची उत्तरं आधीच सापडली आहेत ते गाळतात. उरलेल्यांना क्रम लावून घेतात आणि शेवटी सगळे एकत्र बसून पहिले दहा ठरवतात. सगळ्यात मोलाची पायरी पहिली, कारण प्रश्न लोकांच्या तोंडून त्यांच्याच शब्दांत येतात. तुमची यादी गटाने केलेली दिसते. मावशींचं "मग तळाला फुफाटा का?" हे वाक्य यादीत जसंच्या तसं लिहा, त्याचं शास्त्रीय भाषांतर नंतर. बायकांची बैठक वेगळी घ्या, मिसळून घेतली तर बोअरवाले बागायतदारच बोलत राहतील.

कातळवाट: भूशास्त्राच्या बाजूने थोडा विरोध. अंदाज किती चुकतो हे माहीत नसताना तो दाखवायचा कसा, यावर चर्चा कशाला? आधी एक मोजलेली विहीर झाका, म्हणजे तिची नोंद गणितातून वगळा, बाकीच्यांवरून तिची पातळी काढा, खऱ्या नोंदीशी ताडून पाहा. प्रत्येक विहिरीचं असं करा. खर्च काही नाही, नोंदी तुमच्याकडे आहेतच. बेसॉल्टमध्ये चूक मोठी निघाली तर सरळ विचारा, मधली जागा रंगवायचीच कशाला? नुसते ठिपके ठेवा. माझ्या मते खरा संशोधनाचा प्रश्न हा आहे: ठिपके पाहून समितीने घेतलेला पिकाचा निर्णय जास्त बरा ठरतो, की रंगीत पट्टा पाहून?

ओलावा: तिघांचेही मनापासून आभार. कातळवाट, ठिपके विरुद्ध पट्टा ही तुलना आमच्या यादीत नव्हती आणि आता ती मला सगळ्यांत वर दिसते. झाकलेल्या विहिरींचं गणित या आठवड्यात सुरू करतो. देवनागरी आणि झूमची मर्यादा निधीची वाट न पाहता उरकतो. निशिगंधताई, गावांतून प्रश्न गोळा करायला दिवाळीनंतर, पेरण्या उरकल्यावर बसू. चार महिन्यांच्या चार नकाशांचा प्रश्न तिथे लोकांसमोर ठेवीन, त्यांना नको असेल तर गळेल.

एक गोष्ट अजून अडते. निर्णय "बरा" ठरला हे मोजायचं कशावरून? पाऊसच कमी झाला तर शहाण्या निर्णयानंतरही मे महिन्यात टँकर येतो. पाणलोट किंवा शेतीच्या अभ्यासात कुणी यावर तोडगा काढला असेल तर कृपया सांगा.